'चावी'चं लॅटिन मूळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीतल्या परक्या शब्दांविषयी जी पत्रं येतात, त्यांत 'चावी' हमखास असते. पियानो, पोप, गळ्याचं हाड, लवंग असे कुठले कुठले फाटे या एका शब्दाला फुटतात. म्हणून सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लॅटिन 'क्लाविस' हा सगळ्यांचा मूळपुरुष. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'चावी' हा शब्द मराठी नाही का? आम्ही तर लहानपणापासून हाच वापरतो.

मराठीच आहे, पण इथे जन्मलेला नाही. पोर्तुगिजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला. त्यांच्या भाषेत चावीला जो शब्द आहे, तो रोमन लिपीत सी-एच-ए-व्ही-ई असा लिहितात आणि आज त्याचा उच्चार साधारण 'शाव्ह' असा करतात. हा पोर्तुगीज शब्द लॅटिन 'क्लाविस'वरून घडला. पोर्तुगिजांनी गोवा १५१० मध्ये घेतला, वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकून घेईपर्यंत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचं बस्तान होतं. एवढ्या शेजारात पाव, पगार, पाद्री, मेस्त्री असे शब्द आले, त्यांतच चावीही आली. गंमत म्हणजे तिचा जोडीदार 'कुलूप' हा अरबी 'कुफ्ल'वरून फारसीमार्गे आला. म्हणजे दाराला लावतो ते कुलूप अरबी आणि ते उघडते ती चावी लॅटिन.

२. मूळ लॅटिन शब्दाचा उच्चार 'क्लाविस' की 'क्लेव्हिस'? अर्थ फक्त चावी एवढाच होता का?

प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याच्या काळचा उच्चार 'क्लाविस'. त्यातला 'आ' दीर्घ आहे आणि 'व' दोन्ही ओठ जवळ आणून केलेला. ओठाला दात लावून होणारा 'व्ह' त्यात नाही, त्यामुळे मराठी माणसाला हा उच्चार इंग्रजांपेक्षा बरा जमतो. चर्चच्या लॅटिनमध्ये पुढे 'क्लाव्हिस' झालं. 'क्लेव्हिस' हे इंग्रजी वळण.

शब्द स्त्रीलिंगी. मुख्य अर्थ चावी, पण दाराचा अडसर किंवा खिटी यांनाही तो लागत असे. एक बारीक गोष्ट पुढे कामाला येईल: लॅटिनच्या लेकी म्हणाव्यात अशा भाषांनी, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज वगैरेंनी, शब्द प्रथमेच्या रूपावरून घेतलेले नाहीत. बहुतेक ठिकाणी द्वितीयेचं रूप उचललंय. इथे ते 'क्लावेम'. शेवटचा 'म' बोलण्यात लवकरच गळला आणि उरलं 'क्लावे'.

३. रोमन लोकांच्या चाव्या कशा असत?

लोखंडाच्या किंवा ब्राँझच्या. मोठ्या दाराच्या चाव्या बऱ्याचदा काटकोनात वाकलेल्या आणि टोकाला दाते असलेल्या असत. चावी आत घालून वर उचलायची, म्हणजे दाते खुंट्यांना ढकलत आणि अडसर सरकत असे. छोट्या पेट्यांच्या चाव्या अंगठीसारख्या बोटात घालत. रोमन अंगरख्याला खिसा नव्हता, तेव्हा ही सोय चांगलीच म्हणायची. युरोपातल्या वस्तुसंग्रहालयांत अशा अंगठी-चाव्या पुष्कळ आहेत. कडं बोटाच्या मापाचं असतं आणि त्याला चिकटून, नखाएवढी, दात्यांची पट्टी असते.

घरातली सत्ता आणि चाव्या यांचं नातं तिथेही होतं. सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये मार्क अँटनीवर जे घणाघाती भाषण लिहिलं, त्यात अँटनीने आपल्या प्रेयसीला घरातून काढल्याचं खवचट वर्णन आहे: तुझं सामान घे म्हणाला, बारा पाट्यांच्या जुन्या कायद्याप्रमाणे चाव्या काढून घेतल्या आणि बाहेरची वाट दाखवली. घटस्फोटाची ती रीत होती. सिसेरोचा टोमणा असा की एका नटीला सोडताना या गृहस्थाने लग्नाच्या बायकोचा मान दिला. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला कधी जातो यावर आपल्याकडे जे रामायण घडत आलंय, ते आठवलं तर हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

४. 'क्ल'चा 'च' कसा होतो? हे ओढूनताणून जमवल्यासारखं वाटतं.

ही शंका सगळ्यात जास्त येते आणि ती रास्त आहे. एकाच शब्दावरून असा बदल कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नये. पण इथे अख्खी रांग उभी आहे.

लॅटिनमध्ये 'क्ल', 'प्ल', 'फ्ल' अशी जोडाक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की त्यांतला 'ल' बोलण्यात मऊ होऊन 'ल्य' व्हायला लागला. म्हणजे 'क्लावे'चं 'क्ल्यावे'. इथून प्रत्येक भाषेने आपली वाट धरली. इटालियनने 'ल' टाकून 'य' ठेवला, म्हणून तिथे 'क्यावे'. स्पॅनिशने पुढचा 'क' टाकला, राहिलं 'ल्यावे'. आता बहुतेक स्पॅनिशभाषक त्याचा उच्चार 'यावे'च्या जवळपास करतात. पोर्तुगीजने अख्खं जोडाक्षर दळून त्याचा 'च' केला. फ्रेंच मात्र 'क्ल'ला हात न लावता स्वरावर घसरली: 'आ'चा 'ए' केला आणि शब्द झाला 'क्ले'.

आता पडताळा. पाऊस, लॅटिन 'प्लुविया': स्पॅनिशमध्ये 'युविया', इटालियनमध्ये 'प्योज्जा', फ्रेंचमध्ये 'प्ल्युई' आणि पोर्तुगीजमध्ये पुन्हा तोच च, 'चुवा' (आज 'शुवा'). ज्वाला, लॅटिन 'फ्लाम्मा': 'यामा', 'फ्यामा', 'फ्लाम' आणि पोर्तुगीज 'चामा'. हाक मारणे, लॅटिन 'क्लामारे': 'यामार', 'क्यामारे' आणि 'चामार'. रडणे, भरलेला, असे आणखी शब्द याच साच्यातले आहेत. आपल्याकडे संस्कृत 'क्ष'चा प्राकृतात कुठे 'ख' झाला, कुठे 'छ' झाला, तशातलाच हा प्रकार. नियम एकदा कळला की पोर्तुगीज शब्दकोशातल्या 'च'च्या पानांवर लॅटिनचं पाऊस-पाणी दिसायला लागतं. याच नियमाचं एक फसवं उदाहरण आहे, ते प्रश्न १८ मध्ये.

५. पोर्तुगीज लोक 'शाव्ह' म्हणतात, मग आपण 'शावी' का म्हणत नाही?

कारण आपण घेतला तेव्हा ते 'श' म्हणत नव्हते. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजमध्ये त्या अक्षरजोडीचा उच्चार 'च' होता. राजधानी लिस्बनच्या बोलीत त्याचा 'श' नंतर झाला आणि तोच प्रमाण ठरला. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या काही ग्रामीण बोलींत जुना 'च' अजून टिकून आहे. गलबतांतून आलेल्या खलाशांचा आणि पाद्र्यांचा तो 'च' आपल्या तोंडी राहिला. म्हणजे सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज उच्चाराचा एक नमुना आज लिस्बनमध्ये सापडत नाही, दादरच्या हार्डवेअरच्या दुकानात सापडतो.

६. हिंदीत 'चाबी' आहे. मग मूळ 'ब' की 'व'?

मूळ 'व'. मराठी, कोंकणी आणि गुजराती या किनाऱ्यावरच्या भाषांनी तो जपला. हिंदी-बंगालीने आपल्या सवयीने त्याचा 'ब' केला, जसा 'वन'चा 'बन'. तमिळमध्येही बोलताना 'सावी' ऐकू येतं. विदर्भात 'चाबी' म्हणणारे पुष्कळ आहेत, ते हिंदीच्या शेजारामुळे. चूक कुठलंच नाही.

७. 'किल्ली' आणि 'चावी' यांत शुद्ध कोणतं? 'किल्ली'चा 'किल्ल्या'शी संबंध आहे का?

शेवटचं आधी: नाही. 'किल्ला' अरबी 'कलआ'वरून फारसीतून आला, 'किल्ली' देशी आहे. दोघांत फक्त कानाला लागणारं साम्य.

'किल्ली'चा माग संस्कृत 'कील'पर्यंत लावतात. कील म्हणजे खुंटी, पाचर, खिळा. आपला 'खिळा' पण त्याच घरातला. आणि इथे मजा आहे, कारण लॅटिनमध्ये थेट हीच जोडी आहे: 'क्लाविस' चावी आणि 'क्लावुस' खिळा, दोन्ही एकाच धातूचे (पाहा प्रश्न १४). जुन्या काळी चावी म्हणजे खिळ्यासारखी किंवा आकड्यासारखी एक वस्तू, भोकातून घालून अडसर सरकवायची. दोन लांबच्या समाजांनी एकमेकांना न विचारता तिला तेच नाव दिलं.

शुद्ध-अशुद्धाचं म्हणाल तर दोन्ही चालतात, पण जागा ठरलेल्या आहेत. यशाची 'गुरुकिल्ली' असते, 'गुरुचावी' कुणी म्हणत नाही. कुणाला भर दिली की 'चावी मारली', तिथे किल्ली बसत नाही. आणि मुद्दा असतो तो 'कळीचा'. त्यात तर चावीही नाही आणि किल्लीही नाही, यंत्राची कळ आहे. संगणकाच्या 'कळफलका'तली कळ तीच.

८. इंग्रजी 'की' हा शब्द 'क्लाविस'वरूनच आला ना?

नाही. हा गैरसमज सुशिक्षितांतही भरपूर आहे, आणि कारण उघड आहे: फ्रेंच 'क्ले' आणि इंग्रजी 'की' कानाला जवळ वाटतात. पण 'की' हा इंग्रजीचा स्वतःचा, जुन्या जर्मानिक (म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या घराण्यातल्या, त्या) थरातला शब्द आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप निराळं होतं आणि सुरुवातीच्या 'क'नंतर 'ल' कधीच नव्हता. 'क्लाविस'ची संतती इंग्रजीत आहे, पण ती सगळी फ्रेंच-लॅटिनच्या मागच्या दाराने आलेली आहे. त्यांतले मुख्य शब्द पुढच्या पाच प्रश्नांत.

९. 'कॉन्क्लेव्ह' म्हणजे परिषद ना? मग त्यात चावी कुठे आली?

'कोन' म्हणजे सह, त्याला 'क्लाविस' जोडलं की 'चावी लागणारी खोली'. प्राचीन लॅटिनमध्ये 'कोन्क्लावे' हा साधा घरगुती शब्द होता. आतली, बंद करता येणारी खोली, एवढाच अर्थ.

पोपच्या निवडणुकीला हे नाव चिकटलं ते तेराव्या शतकात. पोप चौथे क्लेमेंट नोव्हेंबर १२६८ मध्ये वारले तेव्हा कार्डिनल, म्हणजे नवा पोप निवडणारी वरिष्ठ धर्मगुरू मंडळी, रोमच्या उत्तरेला वितेर्बो गावी होती. त्यांचं एकमत होईना. महिने गेले, वर्ष गेलं, दुसरंही गेलं. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना वाड्यात कोंडलं, शिधा तोडला आणि तरीही जमेना तेव्हा छप्पर उतरवलं, अशी हकीकत सांगतात. सप्टेंबर १२७१ मध्ये दहावे ग्रेगरी निवडून आले आणि या अनुभवावरून १२७४ मध्ये त्यांनी नियमच घालून दिला: कार्डिनलांना कुलूपबंद ठेवा, तीन दिवसांत निर्णय झाला नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले की नुसता पाव, पाणी आणि वाइन.

मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनल याच पद्धतीने सिस्टाइन चॅपलमध्ये बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी चौदावे लिओ निवडले गेले. भारतातून चौघे होते, त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेराव. आपल्याकडे वृत्तवाहिन्या पंचतारांकित हॉटेलात जी 'कॉन्क्लेव्ह' भरवतात, तिथे दारं उघडी असतात आणि जेवणात एकच पदार्थ तर कधीच नसतो. शब्द कुठून कुठे पोहोचला ते यावरून कळावं.

१०. 'एन्क्लेव्ह'सुद्धा त्यातलंच का?

हो. फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ लॅटिन धाटणी 'चावी लावून आत बंद केलेलं'. दुसऱ्याच्या मुलुखाने चहूबाजूंनी वेढलेला तुकडा. इटलीच्या पोटातलं सान मारिनो, दक्षिण आफ्रिकेच्या पोटातलं लेसोथो. भारत आणि बांगलादेश यांच्यातले 'छिटमहल' असेच होते. भारताचे १११ तुकडे तिकडे आणि त्यांचे ५१ इकडे, २०१५ मध्ये त्यांची अदलाबदल झाली.

मराठी वाचकांना अधिक जवळचं उदाहरण म्हणजे दादरा आणि नगरहवेली. दमणपासून आत, भारताच्या हद्दीने वेढलेले हे पोर्तुगीज तुकडे १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि तिथल्या १९६० च्या निकालात हे गाव 'एन्क्लेव्ह' म्हणूनच येतात. त्याच निकालात 'सरंजाम' हा आपला शब्दही आहे. मराठ्यांनी अठराव्या शतकात पोर्तुगिजांना दिलं ते सार्वभौमत्व नव्हतं, सरंजामासारखा महसुलाचा हक्क होता, असं न्यायालयाने म्हटलं. लष्कर आणि शस्त्रं नेण्याचा हक्कही त्याने मान्य केला नाही.

११. डॉक्टर गळ्याखालच्या हाडाला 'क्लॅव्हिकल' म्हणतात. हाडाचा चावीशी काय संबंध?

लॅटिन 'क्लाविकुला' म्हणजे छोटी चावी. जत्रुक, म्हणजे ते कॉलरचं हाड, इंग्रजी एस अक्षरासारखं दुहेरी वाकलेलं असतं, जुन्या चावीसारखं. दुसरं कारण असं देतात की हात वर उचलला की ते स्वतःभोवती थोडं फिरतं. बोटं त्या हाडावर ठेवून हात डोक्यावर न्या, फिरलेलं जाणवेल. जर्मनांनी शब्दाचं सरळ भाषांतर केलं, 'श्ल्युसलबाइन', चावी-हाड. रशियनमध्ये 'क्ल्युचित्सा', पुन्हा छोटी चावी. ग्रीकमध्ये चावीला 'क्लेइस' म्हणत आणि या हाडालाही तेच नाव होतं. म्हणून मान वळवली की गळ्यावर जो दोरखंडासारखा स्नायू उठतो, त्याच्या लांबलचक नावात मध्येच 'क्लायडो' आहे.

आता अडचणीचं. याच 'क्लाविकुला'चं लोकांच्या तोंडी पहिला 'ल' गळून 'काविकला' झालं आणि त्यावरून फ्रेंच 'शव्हीय' नि इटालियन 'काविल्या' हे शब्द आले. त्यांचा अर्थ खुंटी, आणि खुंटीसारखं बाहेर आलेलं हाड म्हणून पायाचा घोटा! म्हणजे पुस्तकातून आलेला शब्द खांद्याजवळ राहिला आणि बोलीतून आलेला घोट्यापर्यंत उतरला.

१२. पियानोच्या पट्ट्यांना 'की' का म्हणतात? त्यांनी उघडतं काय?

उघडत काही नाही. मध्ययुगीन संगीतशास्त्रकार स्वरांना जी अक्षरं लावत, त्यांना 'क्लाविस' म्हणत, कारण लिहिलेली धून त्या अक्षरांवरून उलगडे. ओळींच्या सुरुवातीला असं एक अक्षर मांडत. त्याचं पुढे नक्षीदार चिन्ह झालं, तेच पाश्चात्त्य स्वरलेखनातलं 'क्लेफ'. ऑर्गनच्या दांड्यांवरही हीच अक्षरं लिहीत. मग अक्षराचं नाव दांडीला गेलं आणि इंग्रजीने त्याचं भाषांतर करून 'की' म्हटलं.

त्यावरून 'क्लॅव्हिकॉर्ड' हे वाद्य, फ्रेंच 'क्लाव्हिए' म्हणजे पट्ट्यांची अख्खी मांडणी आणि जर्मन 'क्लाविअर'. आजच्या जर्मनला क्लाविअर म्हणजे पियानो, पण जर्मन संगीतकार बाखने १७२२ मध्ये आपल्या संग्रहाच्या नावात तो शब्द घातला तेव्हा अर्थ होता पट्ट्यांचं कुठलंही वाद्य. पुढे टंकलेखन यंत्र आणि संगणक आले, तेव्हा रशियनांनी 'क्लावियातुरा', तुर्कांनी 'क्लाव्ये' हे शब्द तसेच पुढे चालवले. पोलिश 'क्लाविश' म्हणजे पियानोची पट्टी, आणि तुरुंगातल्यांच्या बोलीत तुरुंगाचा पहारेकरी. चाव्या त्याच्याच हातात!

आपल्या पेटीवाल्यांनी या भानगडीत न पडता 'पट्टी' हा शब्द धरला आणि सूर सांगायलाही तोच वापरला: काळी एक, पांढरी चार. इंग्रजी 'की'ला दांडी आणि सूर असे दोन्ही अर्थ आहेत, तेवढेच आपल्या पट्टीलाही आहेत.

१३. ऑपरेशनची हत्यारं उकळतात ते 'ऑटोक्लेव्ह'?

तेच. 'ऑटो' ग्रीक, म्हणजे आपोआप. 'क्लेव्ह' लॅटिन. आपोआप बंद होणारं भांडं. फक्त ते उकळत नाही, दाबाखालच्या वाफेने साधारण १२१ अंश सेल्सिअसला जंतू मारतं. शार्ल शांबरलां यांनी ते १८७९ मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत बनवलं. त्याचा पूर्वज म्हणजे देनी पापँ यांचं १६७९ चं वाफेचं भांडं, आपल्या प्रेशर कुकरचाही तोच. तिरकं करून आत घालायचं झाकण असलेला कुकर घरी असेल तर नावाचा अर्थ रोज दिसतो: आतली वाफ झाकण वरच्या कडेला दाबून धरते आणि दाब उतरेपर्यंत ते हाताने निघत नाही.

१४. लवंगेला इंग्रजीत 'क्लोव्ह' म्हणतात. तोही चावीचा नातलग?

चुलत. लॅटिन 'क्लावुस' म्हणजे खिळा. लवंग दिसते खिळ्यासारखी, देठ आणि वर डोकं. म्हणून फ्रेंचमध्ये तिला 'लवंगेचा खिळा' अशा अर्थाचं नाव पडलं आणि इंग्रजीने त्यातला खिळाच उचलला. स्पॅनिशमध्ये 'क्लावो' म्हणजे खिळाही आणि लवंगही. पोर्तुगीजमध्ये 'क्रावु'. तिथे 'क्ल'चा 'च' झाला नाही, 'ल'चा 'र' झाला. प्रश्न ४ मधला नियम बोलीतून सरळ उतरलेल्या शब्दांचा, हा शब्द दुसऱ्या थरातला. लवंगेसारखा वास म्हणून कार्नेशनच्या फुलालाही 'क्रावु' म्हणतात. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी हीच फुलं खोचली, म्हणून त्या क्रांतीचं नाव 'क्रावुंची क्रांती'. हुकूमशाही पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

कातालान भाषेत तर चावी नि खिळा एकच होऊन बसले आहेत. दोन्हींना 'क्लाउ'. स्त्रीलिंगी असेल तर चावी, पुल्लिंगी असेल तर खिळा. बार्सिलोनात सुताराकडे जाल तर लिंग सांभाळून बोला.

१५. स्पॅनिश शिकताना 'यावे' आणि 'क्लावे' असे दोन शब्द भेटले. दोन्ही 'चावी' कसे?

तद्भव आणि तत्सम. शाळेत आपण हात-हस्त, दूध-दुग्ध शिकलो, तेच. 'यावे' शतकानुशतकं लोकांच्या तोंडात झिजून आला, म्हणून त्याचा अर्थ हाताने धरता येणारी चावी. 'क्लावे' पंडितांनी पोथीतून पुन्हा उचलला, म्हणून त्याचे अर्थ डोक्यातले: सांकेतिक लिपीची चावी, पासवर्ड, स्वरलेखनातलं चिन्ह, 'कळीचा' या अर्थाचं विशेषण. पोर्तुगीजमध्येही 'शाव्ह' तद्भव आणि संगीतातलं 'क्लाव्ह' तत्सम. इटालियनने एकाच 'क्यावे'वर सगळं भागवलं. क्युबन संगीतातल्या दोन लाकडी दांड्यांनाही 'क्लावे' म्हणतात. त्यांचा ठेका बाकीचे वादक धरून चालतात.

मराठीची गंमत अशी की 'चावी' हा आपल्याकडे तद्भवच आहे, फक्त संस्कृतऐवजी लॅटिनचा. व्याकरणाच्या पुस्तकात तो 'परभाषीय' या खान्यात टाकतात. आमचं मत विचाराल तर हा खाना फार आळशी आहे. त्यात तद्भव-तत्सम भेद करायला काहीच हरकत नाही: 'चावी' लॅटिन तद्भव, 'कॉन्क्लेव्ह' लॅटिन तत्सम.

१६. आम्ही 'पाण्याची चावी' म्हणतो ती तर व्हॉल्व्ह असते. असा अर्थ तिकडे आहे का?

आहे, आणि चांगला ऐसपैस. मुंबईत महापालिकेचा चावीवाला रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडतो, टी आकाराची लांब कांब खाली सोडतो आणि गल्लीचं पाणी सुरू होतं. मेक्सिकोत घरातल्या नळालाच 'यावे' म्हणतात. कमी-जास्त करता येणाऱ्या पान्याला स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच तिन्ही भाषांत 'इंग्रजी चावी' असं नाव आहे. पोर्तुगीजमध्ये स्क्रू ड्रायव्हरही चावीच, 'फटीची चावी'. कुस्तीत हात पिरगळून धरणारी पकड, तीही चावी. रोमेनियनमध्ये 'केये'चं अनेकवचन डोंगरातल्या अरुंद घळीला लावतात. फिरवून किंवा अडकवून काम होतं तिथे तिथे हा शब्द जातो. घड्याळाला चावी देणारे आपण त्याच पंक्तीतले.

१७. उर्दूत 'कलीदी' म्हणजे महत्त्वाचा. हा 'कलीद' आणि 'क्लाविस' एकच का?

एक नाहीत, पण घराणं एक. फारसी 'कलीद' ग्रीकमधून आला आणि ग्रीक 'क्लेइस' (प्रश्न ११) हा 'क्लाविस'चा जुना भाऊबंद. म्हणजे हाच वंश भारतात दोन वाटांनी पोहोचला: जमिनीवरून ग्रीक-फारसीमार्गे 'कलीद', समुद्रावरून लॅटिन-पोर्तुगीजमार्गे 'चावी'. उलट दिशेची वाटही आहे. इंडोनेशियात चावीला 'कुंची' म्हणतात, तो आपल्या संस्कृत 'कुंचिके'चा. हिंदी 'कुंजी' तिचाच.

याच घराण्यात लॅटिन 'क्लाउदेरे', बंद करणे, हे क्रियापद येतं. इंग्रजी 'क्लोज', 'क्लॉज', 'इन्क्लूड', 'क्लॉस्ट्रोफोबिया' त्यावरून आले. 'क्लर्क', 'क्लू' आणि 'क्लॅरिनेट' मात्र या घरातले नाहीत. क्लर्क चर्चच्या ग्रीकमधून, क्लू जर्मानिक, क्लॅरिनेट 'स्वच्छ, स्पष्ट' अर्थाच्या 'क्लारुस'वरून.

१८. 'चावेझ' या आडनावात चावी आहे का?

दिसते, पण नाही. हे आडनाव साधारणपणे पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या 'शाव्हिश' गावावरून आलेलं मानतात. त्या गावाच्या नावाची अक्षरं हुबेहूब पोर्तुगीज 'चाव्या' या शब्दाची. पण गाव रोमनांचं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि सम्राट वेस्पासियनच्या फ्लावियन घराण्यावरून त्याचं नाव 'आक्वे फ्लाविए', फ्लावियनांचं पाणी. 'आक्वे' गळलं, 'फ्लाविस' राहिलं, आणि प्रश्न ४ मधल्या नियमाने 'फ्ल'चाही 'च' झाला. दोन वेगळे लॅटिन शब्द त्याच जात्यातून निघाले आणि पीठ सारखं दिसायला लागलं. गावात रोमन पूल अजून उभा आहे आणि झऱ्यांचं पाणी अजून गरम आहे.